छावणीतली सर्कस : हसवणारे निघून जातात, मागे काय उरते?

निर्वासितांच्या छावणीत काय काय लागते, ते आपल्यापैकी कुणीही सांगेल. पिण्याचे पाणी, पीठ, डाळ, औषधे, पांघरुणे, तंबू, शौचालये. या यादीत लाल नाकाचा विदूषक कुणी घालणार नाही. तरीही गेल्या तीस वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी सर्कस कलाकारांनी आपला कामधंदा काही आठवडे बाजूला ठेवला, मानधनाचा एक पैसाही घेतला नाही आणि परमुलखात जाऊन बेघर, पोरक्या, युद्धाने होरपळलेल्या मुलांसमोर आपले खेळ केले.

या मुलांमध्ये मुस्लिम मुलांची संख्या मोठी आहे. बोस्नियाच्या निर्वासितांपासून रोहिंग्यांपर्यंत ही रांग जाते. म्हणूनच हा विषय वाचकांपुढे ठेवावा असे आम्हाला वाटले. प्रश्न दोनच आहेत. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्या मुलाला सर्कस दाखवून काय साधते? आणि कलाकार आपापल्या देशी परतले की त्या मुलाच्या हाती काय राहते?

शाळकरी मुलांनी सुचवलेले काम

१९९२ साली बोस्नियात युद्ध पेटले. लाखो माणसे घरदार सोडून पळाली. त्यांतली काही कुटुंबे शेजारच्या क्रोएशियात, इस्त्रियाच्या किनाऱ्यावरच्या छावण्यांत येऊन राहिली. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरातील एका शाळेच्या मुलांचा या छावणीतल्या मुलांशी पत्रव्यवहार होता. तुम्हाला कशाची उणीव भासते, या प्रश्नाला छावणीतून आलेले उत्तर अनपेक्षित होते. आम्हाला हसण्याची आठवण येते, असे त्या मुलांनी कळवले.

शाळेतल्या मुलांनी हे मनावर घेतले. त्यांनी पैसे जमवले आणि तोर्तेल पोल्त्रोना या नावाने प्रसिद्ध असलेल्या विदूषकाला तिकडे जाण्याची गळ घातली. त्यांचे खरे नाव जाउमे मातेऊ. ते काही हौशी कलाकार नव्हते. स्वतःची सर्कस चालवणारे, नावाजलेले विदूषक होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये ते छावणीत गेले आणि त्यांनी मुलांसमोर खेळ केला. गरज खरी आहे आणि एका खेळाने ती भागणारी नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी बार्सिलोनात एक संस्था उभी राहिली. ‘सरहद्दी नसलेले डॉक्टर’ अशा अर्थाचे नाव असलेली वैद्यकीय संस्था तोवर जगाला माहीत होती. तिच्याच धर्तीवर या संस्थेचे नाव पडले ‘पायासोस सिन फ्रोंतेरास’, म्हणजे सरहद्दी नसलेले विदूषक. इंग्रजीत तिला ‘क्लाउन्स विदाउट बॉर्डर्स’ म्हणतात. पुढे फ्रान्स, अमेरिका, स्वीडन, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांत तिच्या शाखा निघाल्या. मुंबईचे अभिनेते आणि विदूषक रूपेश टिल्लू यांनी हे काम भारतात आणले.

फेब्रुवारी १९९३ ही तारीख आपल्या वाचकांना वेगळ्याच कारणाने टोचेल. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींनी मुंबई तेव्हा नुकतीच होरपळून निघाली होती. मदत छावण्यांमध्ये आपल्याकडचीही मुले होती. त्यांना धान्य आणि कपडे मिळावेत म्हणून अनेकांनी रात्रीचा दिवस केला. त्यांची नेकी मोठीच आहे. पण त्या मुलांना पुन्हा हसू यावे यासाठी काही करायला हवे, हे किती जणांच्या मनात आले असेल? बार्सिलोनाच्या शाळकरी मुलांना जे सुचले, ते मोठ्या माणसांना सहसा सुचत नाही.

एका पेटीत मावणारी सर्कस

सर्कस म्हटली की आपल्यासमोर मोठा तंबू, झुले, रोषणाई आणि बँड उभा राहतो. या कलाकारांची सर्कस दोन-चार पेट्यांत मावते. चार-पाच जणांची टोळी, थोडे चेंडू, काही रिंगा, एखादी एकचाकी सायकल, एखादे ॲकॉर्डियन किंवा ढोलके आणि रंगीत कपडे. मंच नसतो. मुले गोल करून बसतात, तेच रिंगण. तिकीट नसते. प्रवास आणि जेवणाखाण्याचा खर्च देणग्यांतून भागतो. कलाकार आपला वेळ आणि आपली कला देतात. जिथे जायचे तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेशी बोलणे झालेले असते. कारण कोणत्या वस्तीत काय चालते आणि काय चालत नाही, हे तिथल्या माणसांनाच ठाऊक असते.

भाषेची अडचण कशी सुटते? बहुतेक खेळ मुके असतात. टोपी घालायला जावे आणि ती दरवेळी हातातून निसटावी, खुर्चीवर बसायला जावे आणि खुर्चीत पाय अडकावा, एकाने दुसऱ्याची शिस्तीने चालण्याची ऐट करावी आणि स्वतःच धडपडावे. हे बोस्नियातल्या मुलाला कळते आणि बीडमधल्याही.

यामागे एक सूक्ष्म गोष्ट आहे. छावणीतल्या मुलाभोवतीची मोठी माणसे एकतर हुकूम सोडणारी असतात, नाहीतर रडणारी. रांगेत उभा राहा, तिकडे जाऊ नकोस, गप्प बस. आईवडील स्वतःच खचलेले असतात. अशा मुलापुढे एक मोठा माणूस येतो, ज्याला टोपीसुद्धा धड घालता येत नाही. मूल त्याला ओरडून सांगते, ‘अरे, मागे बघ, मागे!’ कितीतरी दिवसांनी त्या मुलाला एखाद्या मोठ्या माणसापेक्षा जास्त कळत असते. शिवाय विदूषक पडतो तो उठतोच. पुन्हा पडतो, पुन्हा उठतो. ज्या मुलाने पडलेली घरे पाहिली आहेत, त्याला हे उठणे पाहायला मिळते.

अर्थात हे काम नाजूक आहे. स्फोट ऐकलेल्या मुलांसमोर मोठा आवाज करून चालत नाही. घाबरलेल्या मुलाला बळेच पुढे ओढून चालत नाही. दूर, आईच्या कुशीतून पाहणाऱ्या मुलाला तिथूनच पाहू द्यावे लागते.

खेळाकडून तालमीकडे

एक तासाचा खेळ संपतो. मग पुढे काय? या प्रश्नाने या क्षेत्रातल्या माणसांना सुरुवातीपासून सतावले आहे. त्यातूनच दुसरी वाट निघाली, ती शिकवण्याची. मराठीत तालीम म्हणजे आखाडा किंवा सराव आणि उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. या कामात दोन्ही अर्थ एकत्र येतात.

कॅनडातल्या प्रसिद्ध ‘सर्क द्यु सोले’ या सर्कशीने १९९५ साली अशाच विचाराने ‘सर्क द्यु माँद’ हा उपक्रम सुरू केला. अडचणीतल्या मुलामुलींना सर्कसची कौशल्ये शिकवायची, पण त्यांना सर्कशीत नोकरीला लावण्यासाठी नव्हे, तर त्यांचा स्वतःवरचा आणि एकमेकांवरचा विश्वास वाढावा म्हणून. या पद्धतीला ‘सोशल सर्कस’ असे नाव आहे. ब्रिटनमधल्या ‘परफॉर्मर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचे स्वयंसेवक भारतात येऊन वस्त्यांतल्या आणि रस्त्यावरच्या मुलांना हेच शिकवत आले आहेत.

चेंडू खेळवण्याचे, म्हणजे जगलिंगचे उदाहरण घेऊ. शिकवणारा पहिल्याच दिवशी तीन चेंडू हातात देत नाही. आधी पातळ रुमाल देतो. रुमाल हवेत सावकाश उतरतो, म्हणून पकडायला वेळ मिळतो. मग एक चेंडू, या हातातून त्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत. मग दोन, पहिला वर पोचला की दुसरा सोडायचा. तिसरा त्यानंतर. चेंडू विकतच आणावे लागतात असेही नाही. मूठभर तांदूळ फुग्यात भरून, त्यावर आणखी एक-दोन फुगे चढवले की उत्तम चेंडू होतो. वर्गात मागे पडणारे मूल इथे अनेकदा पुढे निघते, कारण इथे चूक झाली तर कुणी लाल शाईने खूण करत नाही. चेंडू खाली पडला तर उचलायचा, एवढेच. आणि मनोरा रचायचा असेल तर खाली उभ्या असलेल्याच्या खांद्यावर भरवसा ठेवावाच लागतो, मग तो कोणत्या गावचा, कोणत्या टोळीचा हे विचारून चालत नाही.

काबूल, मार्दिन, बीरझेत

पाहुण्यांनी लावलेले रोप स्थानिक मातीत कसे रुजते, याची काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

२००२ साली डेन्मार्कहून आलेल्या बेरित म्यूलहाउसेन आणि डेव्हिड मेसन या दांपत्याने काबूलमध्ये मुलांसाठी एक छोटी फिरती सर्कस सुरू केली. अफगाणिस्तानची जमीन तेव्हा सुरुंगांनी भरलेली होती. अनोळखी वस्तूला हात लावू नका, हिवतापापासून जपा, स्वच्छता पाळा, हे शाळाशाळांतून खेळांमार्फत सांगितले जाई. व्याख्यान विसरणारे मूल नाटुकले विसरत नाही. पुढे महत्त्वाचे घडले ते असे, की अफगाण मुले-मुलीच शिकून तयार झाली आणि मोठी मुले धाकट्यांना शिकवू लागली.

तुर्कस्तानात सीरियाच्या सरहद्दीजवळ मार्दिन नावाचे जुने शहर आहे. सीरियातल्या युद्धातून निसटलेल्या कुटुंबांनी ज्या भागांत आसरा घेतला, त्यांतला हा एक. इथे मुलांसाठी ‘सिर्कहाने’ नावाची सर्कस शाळा चालते. नाव ऐकून परके वाटत नाही. ‘हाने’ म्हणजे आपल्या दवाखान्यातला आणि कारखान्यातला ‘खाना’च. सर्कसखाना! सीरियाची आणि तुर्कस्तानची मुले इथे एकत्र शिकतात. यजमान आणि निर्वासित यांच्यात जी अढी असते, ती तीन चेंडू हवेत असताना टिकवून ठेवणे कठीण जाते.

तिसरे उदाहरण पॅलेस्टाईनचे. २००६ साली रामल्लात पॅलेस्टिनी सर्कस शाळा सुरू झाली. आज ती जवळच्या बीरझेत गावात आहे. परदेशी कलाकारांनी तिथे येऊन शिकवले, पण शाळा पॅलेस्टिनी तरुणांनीच चालवली. या शाळेत मुहम्मद अबू सखा नावाचा तरुण शिकला आणि पुढे तिथेच शिक्षक झाला. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना तो विशेष शिकवत असे. डिसेंबर २०१५ मध्ये कामावर जाताना इस्रायली सैनिकांनी त्याला एका नाक्यावर पकडले. आरोपपत्र नाही, खटला नाही. प्रशासकीय स्थानबद्धतेच्या नावाखाली त्याला वीस महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले गेले. त्याच्या सुटकेसाठी जगभरातल्या सर्कस कलाकारांनी आवाज उठवला. ऑगस्ट २०१७ मध्ये तो सुटला. बाहेरून आलेला कलाकार परतीचे तिकीट घेऊन आलेला असतो. स्थानिक शिक्षकाकडे ते नसते. या कामातली खरी जोखीम कोण उचलतो, हे यावरून कळते. गाझातल्या अलीकडच्या युद्धातही विस्थापितांच्या तंबूंमध्ये मुलांना हसवायला उभे राहिले ते तिथलेच, स्वतः बेघर झालेले कलाकार.

आईवडिलांपर्यंत पोचलेले काम

एका कौटुंबिक मासिकाच्या वाचकांना दक्षिण आफ्रिकेची हकीकत अधिक जवळची वाटेल. तिथे ‘क्लाउन्स विदाउट बॉर्डर्स’ची शाखा जेमी लॅकमन यांनी २००४ साली सुरू केली. एचआयव्हीच्या साथीने अनेक मुलांचे आईवडील हिरावले होते. आजी, मावशी, शेजारी त्यांना सांभाळत होते. मूल तासभर हसते, पण घरी जाऊन मारच खात असेल तर काय उपयोग, असा प्रश्न पडला. मग ही मंडळी पालकांकडे वळली. विद्यापीठातल्या संशोधकांच्या जोडीने ‘सिनोवुयो’ हा वर्ग आखला गेला. खोसा भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आमच्याकडे आनंद आहे’ असा. किशोरवयीन मुले आणि त्यांना सांभाळणारे मोठे यांच्यासाठी १४ बैठका. त्यांत खेळ, नाट्यप्रसंग, कौतुक कसे करावे, राग कसा आवरावा, घरखर्चाचे नियोजन कसे करावे.

ईस्टर्न केप प्रांतातल्या ४० वस्त्यांतील ५५२ कुटुंबांमध्ये या कार्यक्रमाची शास्त्रीय पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. कार्यक्रमात सहभागी झालेल्या पालकांनी सांगितले, की त्यांच्या हातून होणारी मारहाण आणि छळ कमी झाला. मुलांकडे त्यांचे लक्ष वाढले, स्वतःवरचा ताणही हलका झाला. विदूषकाच्या नाकापासून निघालेली वाट घराच्या उंबऱ्यापर्यंत आली.

आपल्या मनातले प्रश्न

आपल्या घरांतून या विषयावर काही प्रश्न उठतील, याची आम्हाला कल्पना आहे. ते रास्तही आहेत.

पहिला प्रश्न दीनदार माणसाचा. हसणे-खिदळणे हा वेळेचा अपव्यय नव्हे काय? याला उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातच आहे. अबू उमैर नावाच्या लहानग्याची चिमणीएवढी पाखराची सोबत तुटली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलाशी त्याच्या पाखराविषयी लाडाने, यमक जुळवून बोलणे केले. ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते, प्रेषितांनी (स.) ते थांबवले नाहीत, उलट हजरत आयेशा (रजि.) यांना ते मनसोक्त पाहू दिले. नमाजमध्ये मुलाचे रडणे कानी आले तर ते नमाज आटोपती घेत. आपल्या भावाकडे हसून पाहणे हा सदका आहे, ही शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकतो. मर्यादाही तिथेच सांगितल्या आहेत. हसवण्यासाठी खोटे बोलू नये, कुणाची टवाळी करू नये, कुणाला भेदरवू नये. चांगला विदूषक हसवतो तो स्वतःच्या फजितीवर, दुसऱ्याच्या व्यंगावर नाही.

दुसरा प्रश्न मुलींचा आणि पेहरावाचा. बाहेरून येणाऱ्यांनी स्थानिक रीतीभातींचा मान राखलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर मुलींना भिंतीआड बसवणे हे नाही. त्यांच्यासाठी शिक्षिका असावी, सोयीचे अंगभर कपडे असावेत, हवी तर वेगळी वेळ असावी.

तिसरा प्रश्न ‘सर्कस’ या शब्दाचाच आहे. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली भारतीय सर्कशीचा पाया घातला, याचा महाराष्ट्राला अभिमान आहे. पण याच धंद्यात पुढे गरिबांची मुले आणून राबवली गेली, त्यांना मारझोड झाली, हेही खरे आहे. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावर बंदी घालण्यास सांगावे लागले. रस्त्यावर दोरीवरून चालणारे डोंबाऱ्याचे मूल आपण रोज पाहतो. मदारी-गारुडी समाजात तर आपली मुस्लिम भावंडेही आहेत. त्या मुलाची कसरत पाहून आपण नाणे टाकतो आणि पुढे जातो. फरक इथे आहे. पोटासाठी मूल तारेवर चढते ती मजुरी. खाली गादी आहे, शेजारी शिक्षक आहे, कंटाळा आला तर उतरण्याची मुभा आहे आणि सकाळची शाळा बुडत नाही, ते शिक्षण. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातले ३१ वे कलम मुलाला विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क देते. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे.

चौथी गोष्ट कॅमेऱ्याची. परदेशातून यायचे, चार दिवस राहायचे, गरीब मुलांबरोबर फोटो काढायचे आणि परतायचे, अशा सफरीही होतात. त्यात मुलांपेक्षा पाहुण्याचे मन अधिक भरते. म्हणून कोणत्याही पाहुण्या मंडळींना विचारावे : तुम्हाला इथल्या कुणी बोलावले? पुन्हा येणार का? जाण्याआधी इथल्या किती जणांना शिकवून जाल? मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना विचारून काढाल का?

आपल्या मोहल्ल्यासाठी

ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमार सोडून बांगलादेशात आले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. कॉक्स बाजारच्या त्या वस्त्यांतही विदूषक जाऊन आले. तिथवर जाणे आपल्यापैकी थोड्यांनाच जमेल. पण गोवंडी, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव इथे जायला पारपत्र लागत नाही.

यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलांसाठी, वसतिगृहातल्या यतीम मुलांसाठी, सरकारी इस्पितळाच्या बालविभागासाठी आठवड्यातला एक तास कुणी देऊ शकेल का? उर्दू शाळांत आणि मदरशांत संध्याकाळी अंगण रिकामे असते. आपल्या वस्तीत कसरतपटू, मल्लखांब खेळलेले, नकला करणारे, हातचलाखी येणारे तरुण असतात; त्यांना आपण ‘रिकामटेकडे’ म्हणून मोकळे होतो. चार जणांनी मिळून आधी आपल्यातल्याच एखाद्या जाणत्याकडून शिकावे, मग दहा मुलांना शिकवावे आणि त्या दहांतल्या दोघांना शिकवण्याची जबाबदारी द्यावी. तांदूळ भरलेल्या फुग्यांचे चेंडू आणि दुपट्ट्याचे रुमाल एवढ्यावर सुरुवात होते. जकात-सदक्याचा हिशेब करताना आपण धान्याचे पोते, वह्या, गणवेश आठवणीने मोजतो. ते मोजलेच पाहिजेत. त्यासोबत या मुलांच्या आनंदासाठी आपण या वर्षी काय केले, हाही एक रकाना असावा.

पाण्याचा टँकर रिकामा झाला की परत जातो आणि उद्या पुन्हा लागतो. तीन चेंडू खेळवण्याची विद्या एकदा हातात आली की ती कुणी काढून घेऊ शकत नाही. ती घेऊन मूल कोणत्याही नाक्यावरून, कोणत्याही सरहद्दीवरून पार जाते आणि पलीकडे गेल्यावर ती दुसऱ्याला देऊ शकते. ज्या गावी सर्कसवाले पाहुणे पुन्हा आले नाहीत, पण तिथलीच एखादी मोठी मुलगी धाकट्या भावंडांना रुमाल उडवायला शिकवत बसली आहे, त्या गावी त्यांचे येणे फळाला आले असे समजावे.